उण्णिमायेच्या भाताचा हंडा

मित्रांनो, मी एक जुना काशाचा हंडा आहे. किती जुना ते विचारू नका. माझा एक कान तुटला आहे आणि काठाला तडा गेला आहे, एवढे पुरे. मान्नार गावच्या ओताऱ्यांनी मला घडवले आणि बैलगाडीतून भारतप्पुळा नदीच्या काठी भवानियम्मांच्या घरी पोहोचवले. त्यांच्या दारी उण्णिमाया नावाची हत्तीण होती. तिचा भात माझ्यात शिजायचा.

ऐन पावसाळ्यातल्या कर्किटक महिन्यात तिला विश्रांती असे. तेव्हा तांदूळ, मूग, हळद, जिरे असे सगळे माझ्यात रटरटत असे. माहूत वेलुकुट्टी त्याचे गोळे वळून तिच्या तोंडात घाली. येणारेजाणारे म्हणत, काय अंग चकाकतंय हिचं! ते भवानियम्मांचे कौतुक करत, मी मात्र ते माझेच समजत असे.

एकदा मीनम महिन्याच्या कडक उन्हात उण्णिमाया उत्सवाहून परतली. दिवसभर उभी होती, माडाच्या वाळलेल्या झावळ्या खाल्ल्या होत्या आणि पाणी जेमतेम मिळाले होते. तिने भाताकडे पाहून तोंड फिरवले. ती रुसली असे भवानियम्मांना वाटले. त्यांनी जास्तीचा गूळ घालायला लावला आणि वेलुकुट्टीने लाडीगोडी लावून तिला गोळ्यावर गोळा भरवला. मीही खूश होतो. रिकामा झालो म्हणजे काम फत्ते, एवढेच मला कळत होते.

दुसऱ्या दिवशी तिने लीद टाकली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. पोट फुगून ताठ झाले. ती बसे, उठे, सोंडेचे टोक तोंडात घेऊन चावे. मित्रांनो, हत्तीची लीद थांबली की त्या घरातली माणसे भरल्या ताटावरून उठतात. नदीपलीकडचा एक दांडगा हत्ती आदल्याच वर्षी याच दुखण्याने गेला होता.

हत्तींचे वैद्य शंकुण्णी वैद्यर आले. त्यांनी तिच्या पोटाला कान लावला, जीभ पाहिली, तोंडाचा वास घेतला.

“काय खाल्लं ते नंतर सांगा,” ते म्हणाले. “भूक नसताना खाल्लं का, ते आधी सांगा.”

वेलुकुट्टीने गुळाच्या गोळ्यांचे सगळे सांगून टाकले.

“पोटात एक चूल असते बाबा. उन्हानं आणि दमणुकीनं ती मंदावली होती. तिच्यावर तुम्ही ओला लाकूडफाटा रचलात. आता आतलं शिजतही नाही आणि हलतही नाही. असं न पचलेलं साचतं ना, तिथूनच दुखणी सुरू होतात.”

त्यांनी सुंठ, ओवा आणि सैंधव घातलेले कोमट पाणी पाजायला सांगितले, पोटाला तेल चोळून तिला हळूहळू चालवायला सांगितले. मग माझ्याकडे बोट करून बजावले की हा हंडा चुलीवर चढता कामा नये. मला फार राग आला. जन्मभर भरवले आणि आता मीच वैरी!

दुसऱ्या दिवशी दुपारीही लीद उतरली नव्हती. वैद्यर मुळ्या आणायला नदीपलीकडे गेले होते. उण्णिमाया डोळे मिटून उभी होती. भवानियम्मांना ते बघवेना.

“माझी मुकी लेक उपाशी मरतेय आणि आपण बघत बसायचं? वरून घास गेला की खालचं सरकेल. वेलुकुट्टी, चूल पेटव.”

वेलुकुट्टी बापापासून त्या घरचे मीठ खात होता. अम्मांचा शब्द त्याने कधी खाली पडू दिला नव्हता. त्याने मला चुलीवर चढवले, लाकडे आणून रचली. मग पाय धुतले आणि माझ्या काठावरून आत उतरून मांडी घालून बसला.

“पेटवायची तर पेटवा, अम्मा.”

“उतर खाली. डोकं फिरलंय का तुझं?”

“तिनं तोंड फिरवलं होतं, तरी मी कोंबलं. आता माझ्या हातून नाही व्हायचं.”

“उद्यापासून या दारात पाय ठेवायचा नाहीस.”

“नाही ठेवणार. पण ती जगू दे.”

उण्णिमाया गेली असती, तर सगळ्या गावाने त्यालाच जबाबदार धरले असते. भवानियम्मा पायरीवर बसून राहिल्या, त्यांच्याही पोटात अन्न नव्हते. वैद्यर परतले, हंड्यातल्या माणसाकडे एकदा पाहिले आणि उण्णिमायेला काढा पाजून स्वतःच विहिरीभोवती फिरवू लागले. दिवेलागण झाली.

अचानक ती थांबली. तिने शेपूट उचलले. नारळाएवढा कोरडा, झावळ्यांच्या काड्यांनी भरलेला गोळा धप्पकन पडला. मग दुसरा. मग कितीतरी. भवानियम्मांनी ती गरम लीद दोन्ही हातांत उचलली आणि त्या रडू लागल्या. वेलुकुट्टीच्या पायांना मुंग्या आल्या होत्या, त्याला उठता येईना. त्यांनी तशाच हातांनी त्याला ओढून बाहेर काढले.

“चल रे, आता तरी पेज टाकू.”

वैद्यरांनी मान हलवली. “तिला मागू दे.”

सकाळी उण्णिमाया आपणहून आली आणि तिने सोंडेने माझा काठ वाजवला. त्या दिवशी माझ्यात तळाला पुरेल एवढीच पातळ पेज शिजली, आणि तेवढ्यानेच मी भरून पावलो.

आता ती माणसे नाहीत, उण्णिमायाही नाही. मी परसात पडून आहे आणि माझ्यात साचलेल्या पाण्यात डास होतात. मित्रांनो, ते पाणी ओतून मला पालथा ठेवा, एवढे कराल ना? आणि ज्याच्यावर तुमचा जीव आहे त्याने ताटावरून तोंड फिरवले, तर पुढे केलेला घास मागे घ्या. फार जड जाते ते. तरी घ्या.