चार नंबरचा शिक्का

मी एक रबरी शिक्का. आयुष्यात मी एकही वस्तू तपासलेली नाही, आणि तरी माझ्या पोटावर ‘तपासून पास’ असं कोरलंय. खाली आकडा, चार. हसू आलं तर खुशाल हसा.

केबिन रोडवरच्या एका झेरॉक्सच्या दुकानात माझा जन्म झाला. शेजारी चपलांचा सेल लागला होता, गिऱ्हाइकांची हिंदीत घासाघीस चालली होती, आणि त्या कलकलाटात कारागिराने मला लाकडी मुठीला चिकटवलं. माझ्यासोबत आणखी तिघे भाऊ जन्मले. भाईंदर पूर्वेच्या एका गाळ्यात लाइफ जॅकेट शिवायची कंपनी होती. तिच्या म्हाताऱ्या शेठनी आम्हा चौघांना करून घेतलं, कारण माल तपासणारी माणसं चार होती. एका नंबरला एकच माणूस, दुसऱ्याने हात लावायचा नाही, असा त्यांचा दंडक. मी ह्युबर्टच्या वाट्याला आलो.

ह्युबर्ट उत्तनच्या किनाऱ्याजवळच्या तारोडी गावचा. घरात पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी, आणि याला बोटीत पाय ठेवला की मळमळायचं. म्हणून तो कारखान्यात आला. पण समुद्र त्याच्या डोक्यातून गेला नव्हता. दर खेपेतल्या पाच जॅकेटांना तो चांगलं जॅकेट पेलेल एवढं वजन बांधून पाण्याच्या टाकीत सोडायचा, चोवीस तास तशीच ठेवायचा, मग बाहेर काढून बोटांनी दाबून दाबून बघायचा. पाचही तरंगली तरच मी त्याच्या खिशातून बाहेर यायचो. त्याच्या प्रत्येक शर्टाच्या खिशावर निळा डाग असायचा आणि त्यावरून बायको ॲलिसन त्याला रोज बोलायची. मला मात्र त्या डागाचा अभिमान वाटायचा.

मग शेठ गेले आणि त्यांचा मुलगा राज खुर्चीवर बसला. तपासणारे एकेक करून निवृत्त झाले, त्यांच्या जागी कोणी आलं नाही. माझे तिघे भाऊ खणात पडून सुकले. राहिलो मी आणि ह्युबर्ट. वर्षातून एकदा बाहेरचे तपासनीस यायचे, वहीत माझा ठसा बघायचे, चहा प्यायचे आणि जायचे. टाकी कुठे आहे, असं एकानेही कधी विचारलं नाही. माणसांची ही एक गंमत आहे. कागदावर मी दिसलो की त्यांना वस्तू बघायची गरजच वाटत नाही.

त्या वर्षी तारोडीचा सण आला. सणाला ह्युबर्ट तीन दिवस घरी राहायचाच. पाहुणे, जेवणं, मिरवणूक, त्याच्याशिवाय पान हलायचं नाही. नेमका नव्या फोमचा माल शिवून तयार झाला होता आणि त्यातली पाच जॅकेटं टाकीत होती. राज म्हणाला, शिक्का पिंटूकडे देऊन जा. पिंटू म्हणजे गोदाम सांभाळणारा. ह्युबर्ट घुटमळला. पण ऐन सणाला निघताना मालकाशी वाद कोण घालणार? उद्या जॅकेटं बाहेर काढ, तरंगत असली तरच मार, असं त्याने पिंटूला तीनदा बजावलं आणि मला त्याच्या तळहातावर ठेवलं.

पिंटूने उद्याची वाट बघितली नाही. राजने वरून सांगितलं आणि त्याच दुपारी मी सहाशे वेळा आपटलो. टाकीकडे कोणी फिरकलं नाही. मला तेव्हा ओरडता आलं असतं तर मी ओरडलो असतो, खरंच.

ह्युबर्ट परत आला तेव्हा पाचही जॅकेटं टाकीच्या तळाशी बसली होती आणि सहाशे गोदामातून बाहेर गेली होती. तो ओलं जॅकेट घेऊनच राजच्या केबिनमध्ये शिरला.

“अंकल, टेन्शन कशाला घेता?” राज म्हणाला. “शिक्का तुमचा, नंबर तुमचा. मी कुठे हात लावलाय? आणि बोटवाले हे घालतात कुठे, उशाला घेऊन झोपतात. उद्या काही झालंच तर त्यांनाच म्हणायचं, झोपून झोपून फोम तुम्हीच दाबून टाकलात.”

उशाला घेतात हे खरंच होतं. ह्युबर्ट ओलं जॅकेट घेऊन तसाच बाहेर आला.

आणि माल गेला होता कुठे? उत्तनला. कंपनीने सामाजिक कार्य म्हणून बोटींना फुकट वाटायचं ठरवलं होतं. धक्क्यावर बॅनर लागला, राजने भाषण केलं, ‘हा तुमच्याच तारोडीचा माणूस’ म्हणून ह्युबर्टला फोटोत शेजारी उभं केलं. लोक जॅकेट उलटून माझा ठसा बघत होते आणि ह्युबर्टच्या नंबरचा हाय म्हणून निर्धास्त होत होते. मी पुन्हा ह्युबर्टच्या खिशात होतो. पण तो बोलला नाही. बोललं की पहिलं बोट त्याच्याकडेच वळणार होतं.

दोन दिवसांनी बोटी सुटायच्या होत्या. आदल्या रात्री त्याने ॲलिसनला सगळं सांगितलं. ती म्हणाली, नोकरीचं आपण बघून घेऊ, पण एकदा बोटी गेल्या की तुला सांगायला माणसं उरतील का, याचा विचार कर.

सकाळीच तो धक्क्यावर गेला. जानू तांडेलच्या बोटीवरचं एक जॅकेट मागितलं, त्याला वजन बांधलं आणि पाण्याने भरलेल्या पिंपात सोडलं. कोणाला काही कळेना. तो पिंपाशेजारी बसून राहिला. दुपारपर्यंत जॅकेट तळाला गेलं आणि तोवर भोवती पन्नास माणसं जमली होती.

जानूने ठशावर बोट ठेवलं. “नंबर तुजा हाय. तूच तपासलास ना?”

“न्हाय, जानूदादा. शिक्का माजा, पन मी तपासला न्हाय. सणाला गेलतो तवा दुसऱ्याच्या हातात दिला. माल बाद हाय हे मंग कळलं, मालकालाबी सांगितलं. त्याने तरी वाटला. आनि मी फोटोत हुबा ऱ्हायलो.”

कोणी त्याची पाठ थोपटली नाही. जानूचा भाचा त्याच बोटीवर जाणार होता. जानू वळला आणि त्याने बोटीबोटीवरून जॅकेटं खाली टाकायला लावली. धक्क्यावर केशरी ढीग झाला. बोटी जुनी जॅकेटं घेऊन गेल्या आणि सगळ्या परत आल्या.

कंपनीने चौकशी समिती नेमली. अध्यक्ष कोण, तर राज. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या म्हणतात ते हेच. समितीने निकाल दिला की सगळा दोष चार नंबरचा. ह्युबर्टला काढलं आणि त्याच्याविरुद्ध पोलिसांत तक्रारही केली.

आता मी पुरावा म्हणून एका सरकारी कपाटात, सीलबंद पिशवीत आहे. मुठीला चिठ्ठी बांधलीय. शाई केव्हाच वाळली. तुमच्याकडे माझं एकच मागणं आहे. माझा ठसा दिसला की तिथेच थांबू नका. मला कोणाच्या हाताने मारलं आणि त्या हाताने आधी काय तपासलं, एवढं विचारा.

गेल्या आठवड्यात ह्युबर्टला माझी ओळख पटवायला बोलावलं होतं. शिक्का आधीच हरवला होता असं सांग, सुटशील, असा सल्ला त्याला मिळाला होता. पिंटूने तर मला कधी पाहिलंच नाही, असं लिहून दिलं होतं. जानू बाहेर बाकावर येऊन बसला होता. अधिकाऱ्याने मला टेबलावर ठेवलं आणि विचारलं, हा कोणाचा?

ह्युबर्टने मला उचललं, आकडा बघितला.

“माझा,” तो म्हणाला. “लिहून घ्या.”