तंबाखूच्या धाटांतली तपकिरी पूड

मी एक जुनी तपकिरी पूड आहे. बेळगावातल्या एका कॉलेजच्या रसायनशाळेत, कपाटाच्या वरच्या फळीवर, बूच लावलेल्या बाटलीत मी राहते. माझं नाव लिग्निन. मित्रांनो, हे नाव तुम्ही ऐकलं नसेल. पण झाडं ताठ उभी राहतात ती माझ्याच बळावर.

माझा जन्म निपाणीच्या शिवारातला. तंबाखूची पानं खुडून नेली की रानात नुसती धाटं उरतात आणि चुलीत जातात. माझीही राखच व्हायची. पण सिद्रामने एक भारा बांधून इथे आणला. तो इथे संशोधन करत होता. वडील लवकर गेलेले. आई, तानीबाई, निपाणीच्या वखारीत तंबाखू चाळायची. त्या कष्टावरच तो शिकला होता.

त्याने धाटं कुटली, कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात उकळली. काळं पाणी गाळून त्यात थेंबथेंब आम्ल सोडलं, तशी मी तळाशी बसले.

माझी घडण साधी नाही. लहान लहान कड्या वेड्यावाकड्या गाठींनी एकमेकींत अडकलेल्या, जणू बाभळीच्या काट्यांचं कुंपण. त्या कड्यांवर हायड्रोजनचे कण असतात. हवा लागून तेल बिघडू लागलं, की मी माझा कण देऊन टाकते आणि बिघाड तिथेच अडवते. सिद्रामने दोन बाटल्यांत शेंगतेल भरलं, एकीत मला घातलं. ते तेल खाण्याचं नव्हे, फक्त तपासण्याचं. उन्हाळा सरला तेव्हा एक तेल खवट झालं होतं. माझं चांगलं होतं. त्याच्या कामावर देखरेख करणाऱ्या सरांनी पाठ थोपटली. पुण्याला पुढच्या कामासाठी पाठवतो म्हणाले.

सिद्रामला खोलीवर परतायची घाई नसे. तिथे वाट बघणारं कुणी नव्हतं. तो माझ्याशीच बोलत बसे. निपाणीला जाणं मात्र पुढच्या महिन्यावर ढकललं जाई.

शेवटी १९७८च्या दिवाळीनंतर तानीबाईच यष्टीने आली. डब्यात चकल्या होत्या. सिद्रामने एक तोंडात घातली आणि थबकला. मग सावकाश चावू लागला.

"चांगल्या झाल्यात न्हवं?" तिने विचारलं.

"व्हय," तो म्हणाला. त्याने दोन्ही बाटल्या तिच्यापुढे धरल्या. "आये, वास घेऊन सांग, खवट कुठलं?"

तिने एक हुंगली, दुसरी हुंगली. "दोनी सारकीच की रं."

तो हसला. "नीट बघ गं."

"नीट काय बघू? वखारीच्या धुळीनं नाक गेलंय माझं. दूध करपलं तरी कळत न्हाय."

"कवापास्नं?"

"झाली की दोन वर्सं."

"मग सांगितलं का न्हाईस?"

"तू आलास कवा, सांगायला?"

ती रागाने बोलली नव्हती. सिद्रामने डब्यातल्या सगळ्या खवट चकल्या संपवल्या.

तो पुण्याला गेला नाही. निपाणीच्या एका हायस्कुलात मास्तर झाला आणि आईला वखारीतून सोडवलं. जायच्या दिवशी सरांनी विचारलं, "ही पूड नेत नाहीस?"

"नको सर. घरी माणूस हाय," तो म्हणाला आणि दार ओढून गेला.

त्यालाही आता बरीच वर्षं झाली. माझ्या बाटलीवर धूळ साचली आहे. नवी मुलं येतात, हसतात, जातात. वर कुणी बघत नाही. बोलायला कुणी नसलं की दिवस किती लांबतो, हे मला ठाऊक आहे.

तरी मित्रांनो, माझी बाटली पुसा, असं मी म्हणत नाही. मी टिकाऊ आहे. आणखी पुष्कळ वर्षं अशीच राहीन. पण तुमच्या गावी एखादं माणूस एकटंच चूल पेटवत असेल, तर पुढच्या महिन्यावर ढकलू नका. जा, त्याच्याबरोबर जेवायला बसा, आणि ते काय सांगत नाही, ते विचारा.