घरट म्हणजे घरटं नव्हे

धरणाचं पाणी उतरलं आणि आमची बुडालेली जुनी वाडी उघडी पडली. पुण्याची मिताली चार माणसं घेऊन तिथं उकरायला आली. पाऊस तोंडावर आला होता, वाडी परत बुडणार होती. कामाचा शेवटचा दिवस होता, उद्या काठावर फलक लागायचा. माझ्या लेकानं, नाथानं, तो मोबाईलवर वाचून दाखवला : 'घरट्यांची वाडी. येथे पक्ष्यांची घरटी विपुल असावीत.'

भाकरी ताटात टाकून मी नाथाला घेऊन निघाले.

"अगं शानी," मी मितालीला म्हणाले, "आमी काय चिमण्या व्हतो?"

"भागूआजी, जुन्या कागदात 'घरट' लिहिलंय."

"मंग कागद शाना, तूच येडी! घरट म्हंजी बैलानं फिरवायचं मोठं जातं. पाच गावचं दळण हितं यायचं."

तिनं जमिनीवरचा, बैलांनी तुडवून घट्ट झालेला गोल दाखवला. "हे तर खळं आहे ना?"

"खळ्याच्या मधी लाकडाचा खांब असतो. हितं दगडाची बैठक हाय, दिसंना व्हय?"

"बैठक आहे, पण वरचा दगड कुठंय? त्याशिवाय नाव कसं बदलू?"

मी येरझारा घालायला लागले.

"आये, बस की जरा," नाथा म्हणाला.

बसवेना. दगड कुठं आहे ते मला ठाऊक होतं. वाडी उठली तेव्हा आमच्या ह्यांनी तो गुपचूप गाडीत घातला. दगड सगळ्या वाडीचा, आळ आला माझ्या जावेवर, बनाबाईवर. मीही तीस वर्षं तिला चोरटी म्हणत आले. आता तोंड उघडलं तर माझंच नाक कापलं जाणार. नाही उघडलं तर आमची सगळी दळणारी माणसं पाखरं होऊन बसणार.

"नाथा, टेम्पो आण. आपल्या न्हाणीपाशी धुण्याचा दगड हाय न्हवं, त्यो काढायचा. मधल्या भोकात तुझ्या बानं सिमीट भरलंय."

नाथानं खिशातनं टेम्पोची किल्ली काढली.

"आन् हितं आणायच्या आधी वेल्ह्याला न्यायचा. बनाबाईच्या दारात."

मितालीच्या माणसांनी दगड टेम्पोत चढवला. वेल्ह्याला बनाबाई दारात आली, साबणानं गुळगुळीत झालेल्या दगडावरनं हात फिरवत म्हणाली, "तीस वरसं साबण चोळलास ह्याला. तोंडाला थोडा लावायचा व्हतास."

"माझं चुकलं, बने."

आयुष्यात हे शब्द मी पहिल्यांदाच काढले. तिला वर चढायला हात दिला. तिनं तो धरला नाही. स्वतःच चढली, दगडाला टेकून बसली आणि नाथावर ओरडली, "चल की रं, वाडीत पानी भरायच्या आत पोचायचंय."