भिकन डेंटरचं बॉनेट

दस्तूर साहेबांनी खिशातून रुमालात गुंडाळलेलं लोहचुंबक काढलं आणि गाडीच्या बॉनेटवर ठेवलं. ते टक्कन चिकटलं.

"चिपक गया, शेठ," ते म्हणाले. "गाडी सादी है."

गाडीचे मालक भूपेंद्रशेठ व्हरांड्यातल्या आरामखुर्चीत बसले होते. त्यांची डावी बाजू मागेच लकव्यानं गेली होती. उजव्या हातात शालीची कड घट्ट धरून ते नुसते गाडीकडे बघत राहिले. गाड्यांचे पत्रे ठोकून सरळ करणारा भिकन डेंटर गाडीशेजारी हात बांधून उभा होता, त्यानं मात्र चुंबकावरची नजर काढून घेतली.

गाडी विलायती, दोन माणसांची, बिनटपाची. शेठांच्या वडिलांनी ती एका संस्थानिकाकडून घेतली होती. ती शर्यतीत पळालेली आहे, कंपनीनं मोजक्याच काढलेल्या खास गाड्यांपैकी आहे, असं शेठ आयुष्यभर सगळ्या सुरतेला सांगत आले. लोक मान डोलवायचे, चहा प्यायचे आणि फाटकाबाहेर पडले की हसायचे. वरातीसाठी गाडी मागायला पुन्हा हेच लोक हजर. आता हातपाय थकल्यावर शेठांनी जुन्या मोटारींची पारख असलेला हा माणूस मुद्दाम मुंबईहून बोलावून घेतला होता. गाडी विकायची नव्हती. आपण थापा मारल्या नाहीत, एवढं कोणीतरी जाणत्यानं एकदा म्हणावं आणि मग डोळे मिटावेत, अशी त्यांची इच्छा होती.

साधी गाडी आणि खास गाडी बाहेरून सारख्याच, असं दस्तूर साहेबांनी समजावून सांगितलं. बॉनेटवरचा चामडी पट्टा, तारांची चाकं हे सगळं कोणीही साध्या गाडीवर चढवतो. इंजिनावरून ओळखावं, तर या गाडीत कधीचंच अँबॅसेडरचं इंजिन बसलं होतं. उरलं बॉनेट. वजन कमी व्हावं म्हणून खास गाडीला ते ॲल्युमिनियमचं असायचं. त्याच्या आतल्या अंगाला एक नंबर ठोकलेला असायचा आणि तो गाडीच्या सांगाड्यावरच्या नंबराशी जुळायचा.

"सांगाड्यावर नंबर आहे, पण बॉनेट लोहे का है," दस्तूर साहेब म्हणाले. "आणि बनवलंय असं, की कंपनीचंच वाटतं."

एरवी हे ऐकून भिकनची छाती फुगली असती. ते बॉनेट त्यानंच केलेलं होतं.

ऐन उमेदीतली गोष्ट. शेठांचा तेव्हाचा ड्रायव्हर हिलाल बॉनेट चेपलं म्हणून गाडी घेऊन कतारगामच्या गॅरेजात भिकनकडे आला होता. मूळ बॉनेट इतकं पातळ, की कोपर टेकला तरी पोचा यायचा. इतक्या मोठ्या माणसाच्या गाडीला हा भांड्याचा पत्रा बघून भिकननं नाक मुरडलं. कंपनीनं पैसे वाचवले असणार, असं त्यानं आपल्या मनाशी ठरवलं. मग चांगला जाड लोखंडी पत्रा आणला आणि वाळूच्या पोत्यावर ठेवून दिवसच्या दिवस ठोकला. शेवटी तळहात फिरवला तर कुठे उंच नाही, कुठे सखल नाही; रंग चढल्यावर बॉनेट बदललंय हे शेठांनाही कळलं नाही. तसं काम त्याच्या हातून पुन्हा झालं नाही. आता तर मारुतीचा दरवाजा चेपला की लोक नवाच आणून लावतात. भिकनचा उजवा कान हातोडीच्या आवाजानं नेला होता, मनगट सारखं ठणकायचं, आणि हे कष्ट कशासाठी केले असं कधी मनात आलं, की त्याला ते बॉनेट आठवायचं.

जुना पत्रा हिलालनं फेकून द्यायला सांगितला होता. भिकननं तो शेठांना न विचारताच घरी नेला आणि बायकोसाठी, प्रमिलाबाईसाठी, मोठी परात ठोकली. पत्र्यावरचे आकडे सपाट करता आले असते, पण तिथं पत्रा पातळ पडेल म्हणून त्यानं ते परातीच्या बुडाला तसेच राहू दिले. दोन्ही पोरींच्या लग्नाचं पुरण त्या परातीत निघालं. प्लेगच्या साली सगळं सुरत स्टेशनाकडे पळत सुटलं, तेव्हा प्रमिलाबाई टीव्ही घरात टाकून परात डोक्यावर घेऊन गावाकडे अमळनेरला गेली होती. भिकन तिला त्यावरून अजून चिडवायचा.

"भिकनभाई," शेठ जड जिभेनं म्हणाले, "तमे तो जूना माणस छो. पहेलेथी आवुं ज हतुं?"

पहिल्यापासून असंच होतं का, एवढंच त्यांनी विचारलं. हो म्हटलं असतं तर सगळं निभावलं असतं. न विचारता नेलेला पत्रा झाकला गेला असता, बॉनेट गाडीवर राहिलं असतं आणि परात घरात. शेठ तेवढे थापाडे ठरले असते. भिकनला स्वतःची लाज वाटली.

"साहेब, कल सुबह तक रुको," तो दस्तूर साहेबांना म्हणाला. "माझ्या घरी एक वस्तू आहे."

घरी प्रमिलाबाई त्याच परातीत भाकरीचं पीठ मळत होती.

"आज लवकर उनात? बरं नही का?"

"ती परात लागस माले."

"कसाले?"

भिकननं सगळं सांगितलं. ती ऐकता ऐकता मळत राहिली.

"म्हणजे हाई परात शेठनी शे?"

"हिलालनी फेकाले सांगेल व्हतं."

"पन शेठले इचारेल नव्हतं ना."

भिकननं मान खाली घातली. प्रमिलाबाईनं पीठ काढून ताटलीत ठेवलं, परात राखेनं घासली आणि पदरानं कोरडी केली. मग ती उलटी करून बुडावर बोट फिरवलं.

"हाऊ आकडा रोज मन्हा हातले लागे," ती म्हणाली. "माले वाटे, तुम्हीनच मन्हासाठे काहीतरी कोरेल शे."

भिकननं परात तिच्या हातातून घेतली आणि पोत्यात गुंडाळून उंबऱ्याजवळ ठेवली.

दुसऱ्या दिवशी दस्तूर साहेबांनी परात उलटी धरली, चष्मा लावला, सांगाड्याजवळ वाकले आणि पुन्हा एकदा परातीकडे बघितलं.

"शेठ," ते म्हणाले, "आपकी गाडी खास है."

शेठांच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते पुसायला त्यांनी हात उचलला नाही. उजव्या हातानं त्यांनी भिकनला जवळ बोलावलं.

"माफ करना, शेठ. बिना पूछे ले गया था."

"रोटला थया एमां?" शेठांनी विचारलं.

"हो, शेठ. रोज झाल्या भाकरी."

"तो पछी सारुं थयुं," मग बरंच झालं, असं म्हणून शेठ खुर्चीत मागे टेकले.

पुरावा म्हणून परात गाडीजवळ राहणार, हे ओघानंच आलं. मुंबईला ॲल्युमिनियमचं नवं बॉनेट करून घ्यायचं ठरलं. लोखंडी बॉनेटाचं आता तिथं काही काम नव्हतं. दस्तूर साहेबांनी ते भिकनला घेऊन जायला सांगितलं, अगदी आदरानं. भिकननं आपल्याच हातानं बोल्ट सोडले आणि बॉनेट हातगाडीवर घालून घरी आणलं.

खोलीत भिंतीला टेकवल्यावर त्यानं निम्मा उजेड अडवला. भिकननं पत्रा कापायची कात्री काढली.

"मझारमा सपाट शे," तो बॉनेटच्या मधल्या भागावर बोट ठेवत म्हणाला. "आजच परात करी देस तुले."

प्रमिलाबाईनं पिठाचा हात पुसला आणि बॉनेटवरून फिरवला, या टोकापासून त्या टोकापर्यंत, सावकाश.

"हाई तुम्हीनच ठोकेल?"

"हां."

"मंग कापू नका."

"पीठ कशामा मळशी?"

"आते दोनच जन शेतस घरमा. ताटलीमा पुरस."

ती खाली बसली आणि ताटलीत मळायला लागली. ताटली उथळ होती. पीठ काठावरून सांडत होतं, आणि जोर लावला की ताटली फरशीवर सरकत होती. भिकननं कात्री बाजूला ठेवली, तिच्यासमोर मांडी घातली आणि ताटली दोन्ही हातांनी धरून ठेवली.