औषधाचं दूध

झुंबरबाईच्या दारात माणूस यायचा तो चुकूनच. घर गल्लीच्या पार टोकाला, पुढे नुसता नाला आणि बाभळी. त्यात बाईची जीभ तिखट. नवरा गेल्यापासून जास्तच तिखट झाली होती, हे तीसुद्धा नाकारत नसे. एकुलता एक मुलगा पितांबर सुरतेला साड्या छापायच्या कारखान्यात, बायकापोरं घेऊन तिकडेच. घरात उरल्या दोघी, झुंबरबाई आणि भुरी म्हैस. बोलायचं कोणाशी? भुरीशी. "काय व, आज रुसनी का?" असं म्हशीला विचारायचं आणि म्हशीच्या वतीनं उत्तरही आपणच द्यायचं. बाकी दिवसभर घशाला काही काम नसायचं.

पितांबर वाईट होता का? छे हो! वाईट असता तर बरं झालं असतं, चार शिव्या घालून मोकळं होता आलं असतं. तो आपला गरीब स्वभावाचा, बायको म्हणेल ती पूर्व दिशा. मागे एकदा आला तेव्हा म्हणाला होता, "माय, तू चाल ना सुरतले." आणि झुंबरबाईनं तोंड उघडायच्या आत त्यानंच जोडलं, "पन भुरीले कोन देखी?" झुंबरबाईनंही लगेच मान हलवली, खरंच की, भुरीला कोण पाहील? दोघांनी मिळून सगळा दोष म्हशीच्या गळ्यात बांधून टाकला. ती बिचारी काय बोलणार! तेव्हापासून दोन दिवाळ्या कोरड्या गेल्या होत्या.

चौऱ्याण्णव साली गणपती बुडवले आणि त्याच सुमाराला भुरीची कास सुजली. एक सड दगडासारखा घट्ट झाला, हात लावू देईना. झुंबरबाई भर उन्हात तालुक्याला, शिंदखेड्याला गेली आणि ढोरांच्या डॉक्टरांना अक्षरशः ओढून घेऊन आली. त्यांनी सुई टोचली, पिवळ्या रंगाच्या जाडजूड गोळ्या दिल्या, गुळात कुस्करून चारायला सांगितलं आणि निघताना बजावलं, "आजी, या औषधाचा अंश दुधात उतरतो. गोळ्या चालू आहेत तोवर आणि त्यानंतरही थोडे दिवस हे दूध कुणी प्यायचं नाही. ओतून द्यायचं."

दूध ओतायचं म्हणजे जिवावर आलं. पण ओतलं. आणि विहिरीवर जाऊन सगळ्या बायांना सांगितलंही, कारण डॉक्टर आपल्या दारी आले ही काही रोज सांगायला मिळणारी गोष्ट नव्हती. "औषध दूधमा उतरस म्हने," ती म्हणाली. बायांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि हंडे उचलून गेल्या.

आणि मग सुरतेची बातमी आली. प्लेग! गावातल्या निम्म्या घरांची पोरं सुरतेला. पॅसेंजर भरभरून येऊ लागली. शिंदखेड्याच्या स्टेशनावर माणसं उतरायची ती तोंडाला रुमाल बांधलेली, बोचकी काखोटीला, डोळे भेदरलेले. गावानं त्यांना आधी शाळेत बसवलं. आया लांबून भाकरी ठेवायच्या, लांबूनच रडायच्या आणि पोरगं डोळ्यांसमोर आहे म्हणून मनातून सुखावायच्यासुद्धा. झुंबरबाई रोज शाळेच्या कुंपणापर्यंत जाई. एकेक चेहरा बघे आणि परत येई.

"मन्हा पितांबर दिसना का रे कोनले?" ती विचारी.

"नही व अक्का. मोठं शहर शे ते," पोरं म्हणत.

आता प्लेगवर औषध कोणतं, हे रेडिओनं सांगितलं होतं. टेट्रासायक्लीनच्या कॅप्सुली. सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी शिंदखेड्यातल्या मेडिकलांतून त्या गायब. दोंडाईच्यात नाहीत, धुळ्यात नाहीत. सरकारी माणसं आजाऱ्यांसाठी राखून ठेवत होती, आणि इथे तर आजारी कुणीच नव्हतं, नुसती भ्यायलेली माणसं. भ्यायलेल्याला औषध नाही म्हटलं की तो दुप्पट भितो.

शेजारच्या कौतिकचं डोकं पहिल्यांदा चाललं. त्याला अक्षरओळख होती, आणि तेवढीच होती. झुंबरबाईच्या कोनाड्यातलं गोळ्यांचं पाकीट त्यानं उजेडात धरलं आणि ओरडलाच, "अक्का, हाऊ तेच नाव शे! बठ्ठं, अक्षर न् अक्षर तेच!" लगेच धुळ्याला जाऊन त्यानं ढोरांच्या औषधांच्या दुकानातून पिशवीभर गोळ्या आणल्या. तिथे त्या ढिगानं होत्या, कुणी विचारत नव्हतं. आधी भाईदास पाटलानं मर्दासारखी गोळीची फोड करून गिळली. संध्याकाळपर्यंत ओकून ओकून माणूस लिंबाएवढा झाला. म्हशीच्या मापाची गोळी ती. माणसाचं पोट ते किती! सगळे हबकले. आणि तेव्हा विहिरीवरच्या त्याच बायांना ते आठवलं. औषध दुधात उतरतं. म्हणजे म्हशीनं पचवलेलं, मऊ झालेलं, माणसाला सोसेल असं! डॉक्टरांनी पिऊ नका म्हणून सांगितलेलं वाक्य गावानं उलटं करून डोक्याला लावलं. ज्यानं आपला जीव वाचायचा तेच हे डॉक्टर लोक ओतून द्यायला सांगतात, असंही कुणीतरी म्हणालं. माना डोलल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी झुंबरबाईनं दार उघडलं तर दारात रांग! तांबे, वाट्या, पेले. वच्छलाबाई, जिनं वर्षभर तोंड फिरवलं होतं, ती म्हणाली, "झुंबरअक्का, वाटीभर दे ना व माय. नातू शाळामा शे."

खरं सांगायचं तर तिनं नाही म्हणायला हवं होतं. डॉक्टरांचे शब्द तिच्या कानात होते. पण दारात इतकी माणसं, आणि सगळी 'अक्का, अक्का' करताहेत! तिनं वाटी वाटी दूध दिलं. उकळू नका, औषध वाफेवर उडून जाईल, असं कुणीतरी सांगितलं आणि तेही लोकांनी मानलं. रोज सकाळी ओटा भरू लागला. रांगेतली माणसं बसत, विड्या ओढत, सुरतेचं बोलत. झुंबरबाई मध्ये बसून धार काढायची आणि मोठ्यानं सगळ्यांची खोड काढायची. लोक हसायचे. वाईट वाटून घेऊ नये, पण त्या प्लेगच्या दिवसांत झुंबरबाई सुखात होती.

मात्र पहिली वाटी ती कुणालाच देत नसे. ती पितांबरची. झाकून शिंक्यात ठेवायची. तो येणार, सुरतेतून येणार, रोगाच्या तोंडातून येणार. आल्याबरोबर त्याच्या हातात औषधाचं दूध द्यायचं, मग काय व्हायचं ते होवो. गावाचं नुसतं निमित्त होतं, हे ती स्वतःशी कबूल करायची. संध्याकाळची गाडी शिंदखेड्याला येऊन पुढे गेली की ती वाटी उतरवायची, फाटलेलं दूध उकिरड्यावर ओतायची आणि वाटी घासून पालथी घालायची.

भुरीचा सड मऊ झाला. कास उतरली. डॉक्टर रस्त्यात भेटले, "गोळ्या बंद केल्या ना?" असं विचारलं, आणि झुंबरबाई बेधडक "हो" म्हणाली. कशा बंद करणार? पितांबर अजून आला नव्हता. गोळ्या बंद केल्या आणि नेमका दुसऱ्या दिवशी तो आला तर त्याच्या हातात काय द्यायचं, साधं दूध? कौतिकच्या पिशवीतल्या गोळ्या गुळात कुस्करल्या जात होत्या आणि भुरी निमूटपणे खात होती.

मग एका सकाळी तिनं गूळ हुंगला आणि तोंड फिरवलं. वैरणीला तोंड लावेना. शेण पातळ, घाण वासाचं. झुंबरबाई तिच्या तोंडाकडे बघत बसली. दुपार झाली, तरी जबडा हलला नाही. म्हैस रवंथ करत नाही म्हणजे काय, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. तरी तिनं गोळीचा चुरा पाण्यात कालवला, बांबूच्या नळीत भरला आणि भुरीचं तोंड वर करून घशात ओतला. "पी व माय, दोनच दिन. तो येवालेच शे," असं म्हणताना तिच्या डोळ्यांत पाणी होतं. भुरी प्याली. तिनं कधी झुंबरबाईचं ऐकलं नाही असं झालं नव्हतं.

धार आटली. रांगेतल्या माणसांनी दोन दिवस रिकामे तांबे हलवले, मग सुरतेहून बरी बातमी आली आणि रांगच संपली. शाळेतली पोरं घरी गेली, काही तर परत कामावरही गेली. ओट्यावर पुन्हा कुणी नाही. डॉक्टरांना बोलवायला झुंबरबाई पळत गेली, तेव्हा भुरी खाली बसलेली होती ती उठतच नव्हती. त्यांनी तपासलं, पाकीट पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"बरी झालेली म्हैस, आजी! पोटात चारा पचवणारे जंतू असतात, ते सगळे मारून टाकलेत तुम्ही. का दिलंत?"

झुंबरबाईनं भुरीच्या मानेवरून हात फिरवला. काय सांगायचं, मुलगा यायचा होता म्हणून? दसऱ्याच्या आदल्या दिवशी भुरी गेली. ओढून न्यायला चार माणसं आली, तीही कौतिकनं हाका मारल्या म्हणून. झुंबरबाई मोठ्यानं रडली, गल्लीत ऐकू जाईल इतकी. पण म्हशीसाठी इतकं कोण रडतं म्हणून कुणी आलं नाही.

दिवाळीत पितांबर आला. अंगानं भरलेला, नवा शर्ट, हातात केळ्यांचा भलामोठा घड. झुंबरबाई दारात उभी राहिली ती बघतच राहिली. जिवंत होता! धडधाकट होता! तिनं त्याच्या तोंडावरून, पाठीवरून हात फिरवला, दंड चाचपून पाहिले. मग तिची नजर केळ्यांवर गेली. सुरतेहून केळी कोण आणतं?

"रावेरनी शेतस," पितांबर म्हणाला. "सासरानी वाडीनी. आम्ही पहिल्याच दिनले निंघनूत माय, कारखाना बंद पडना ना. मग तठेच ऱ्हायनूत दीड महिना."

रावेरला जाणारी गाडी शिंदखेड्यावरूनच जाते. झुंबरबाईनं विचारायचं नाही असं ठरवलं आणि विचारलंच. "मंग आठे उतरना नही?"

"पोरे झोपेल व्हतात," तो म्हणाला. "आन् सामान बी व्हतं."

पहिल्याच दिवशी. म्हणजे शाळेच्या कुंपणाशी ती पहिल्यांदा उभी राहिली त्याच्याही आधी तो इथून गेला होता. कोनाड्यातल्या गोळ्या, शिंक्यातली वाटी, नळी, सगळं एकदम तिच्या अंगावर आलं. तिला खूप बोलायचं होतं, जीभ शिवशिवत होती. पण पोरगं दमून आलेलं, सणाचं आलेलं. ती आत गेली आणि चहा ठेवला. चहा कोराच होता.

"दूध नही का?" त्यानं विचारलं, आणि मग गोठ्याकडे पाहिलं. "भुरी कोठे शे?"

"गई," झुंबरबाई म्हणाली. "आजारी पडनी."

कशानं, केव्हा, असं त्यानं विचारलं नाही. हळहळला मात्र मनापासून. लहानपणापासून त्याला ढोरांची माया होतीच. चहाचा पेला हातात धरून तो रिकाम्या गोठ्याकडे बघत राहिला. आणि झुंबरबाई त्याच्याकडे पाठ करून चुलीपुढे बसली होती. आता म्हैस नाही. आता भुरीला कोण पाहील, हे कुणीच म्हणू शकत नाही. आता तो म्हणेल. म्हणायलाच हवं त्याला. एका लुगड्याची बाई मी, कोपऱ्यात पडून राहीन, सुनेचं काही ऐकलं तर उलट बोलणार नाही. तिनं मनातल्या मनात पेटीत काय भरायचं तेही ठरवलं. मागे वळून बघायचा तिला धीर होईना.

"माय," पितांबर म्हणाला.

"काय रे?"

"तू कायजी करू नको. आपन दुसरी लिऊत. येत्या बाजारलेच लिऊत. म्हईसबिगर तुले आठे करमाव नही."

चुलीतला धूर डोळ्यांत गेल्यासारखं करून झुंबरबाईनं पदरानं डोळे पुसले. पोरगं प्रेमानंच बोलत होतं, हेच तर वाईट होतं. त्यानं सगळा विचार केला होता आणि त्या विचारात ती इथेच होती, याच घरात, एका म्हशीसोबत.

"ले," ती म्हणाली. "पन दुभती लेऊ नको."

"का व?"

"दूध पेवाले आठे कोन शे?"

पितांबरला ती गंमत वाटली. तो हसला, म्हणाला, "तू बी ना माय!" आणि संध्याकाळच्या परतीच्या गाडीला उशीर होईल म्हणून त्यानं पेला लवकर रिकामा केला.