पानठेल्यावरची बुरशी

"वाका, बाई. साहेब येऊन राह्यले," उत्तमसिंग ओठ न हलवता म्हणाला.

साधना मुनेश्वर पानठेल्याच्या मागे वाकल्या. फळरोग निदान केंद्रात निम्मं आयुष्य घालवल्यावर त्यांच्यावर लपायची वेळ पहिल्यांदाच आली होती, आणि तीही बुरशीसाठी.

मंदार साहेबांनी साधं पान सांगितलं. पान लागेपर्यंत ते फोनवर कोणाला तरी "हो सर, रोपं तयार आहेत सर, उद्या कळंबला मांडवात पोचतात सर" असं पुन्हा पुन्हा सांगत होते. त्यांच्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर ओल्या गोणपाटाखाली पानांची टोपली होती, आणि त्या टोपलीत पानांच्या खाली त्याच रोपांचा निकाल निजलेला होता.

साहेब पिंक टाकून गेले. बाई गुडघे झाडत उठल्या.

"न्या आता तुमच्या बारक्याले," उत्तमसिंगने वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या काचेच्या प्लेटा काढून दिल्या. "लय शांत पोरगं हाय. रडत नाई, काई नाई."

बुरशी पानठेल्यावर का होती, याचं कारण सोपं होतं. यवतमाळच्या मे महिन्यात माणूस तगतो, बुरशी तगत नाही. तिला थंडावा लागतो. केंद्रात तिच्यासाठी थंड कपाट होतं, पण अर्धा दिवस वीजच नसायची, तेव्हा ते कपाट नुसतं कपाट व्हायचं. जनरेटरही होता. त्याच्यासाठी डिझेल मंजूर होतं. फक्त दोघांची अजून भेट झाली नव्हती. सगळ्या परिसरात विजेशिवाय थंड राहणारी एकच वस्तू होती: उत्तमसिंगची टोपली.

ती कापसाने जिल्ह्याला रडवल्याची वर्षं होती. "कापूस सोडा, संत्रा लावा" अशी योजना निघाली होती, आणि तिची पहिली हजारो रोपं कळंबजवळच्या लखीराम राठोडच्या रोपवाटिकेतून उद्या वाटली जायची होती. त्याआधी त्या वाटिकेची माती बाईंच्या टेबलावर आली होती. मातीत डिंक्याची बुरशी सापडली, तर सगळी रोपं जाळायची. ती असून सापडली नाही, तर ती रोपं गावोगाव जाणार, पाच-सहा वर्षं हिरवीगार वाढणार आणि फळं धरायच्या सुमाराला खोडातून डिंक गाळत एकेक करून वाळणार. लोक तेव्हा नशिबाला दोष देतील. बाईंची सही कुठल्या तरी फाइलीत सुखरूप असेल.

केंद्राच्या व्हरांड्यातल्या बाकावर लखीराम बसलेला होता. डोक्याला पांढरं पागोटं, मांडीवर काळ्या पिशवीतलं संत्र्याचं एक रोप. रोपाला लाल रिबन बांधली होती.

"रामराम, बाई. हे तुमच्यासाठी. अंगणात लावा." मग तो आवाज खाली आणून म्हणाला, "माह्ये लेकरं पास झाले का?"

"अजून पेपर तपासला नाही, काका."

"तपासा, तपासा. तांड्यातल्या लोकाइनं पाणी वाहून वाढवले हाय ते. पान पाह्यलं का? तेल लावल्यावानी चमकून राह्यलं."

पान खरंच चमकत होतं. त्याच्याकडे पाहायचं टाळून बाई आत गेल्या.

वीज नव्हती. त्यांनी जुना, आरशावर चालणारा सूक्ष्मदर्शक खिडकीत ओढला, ऊन आरशात धरलं आणि पहिली प्लेट उघडली. प्लेटभर पांढरंशुभ्र, मऊ, भरघोस काहीतरी वाढलेलं होतं. त्या वर्षी जिल्ह्यात कापूस चांगला आला तो एवढाच.

त्यांनी सुईच्या टोकावर कणभर घेऊन काचेवर ठेवलं आणि डोळा लावला. लिंबाच्या आकाराच्या इवल्या इवल्या थैल्या. संत्र्याला मारणारी ही बाई अंगावर लिंबं घालून मिरवते, हा विनोद साधनाबाईंनी नोकरीच्या पहिल्या वर्षी घरी सांगितला होता. कोणी हसलं नव्हतं. सासूबाईंनी मात्र त्या दिवसापासून त्यांना लोणच्याच्या बरणीला हात लावू दिला नव्हता.

दुसरी प्लेट. तेच. तिसरी. तेच.

"झालं का?" मंदार साहेब दारात उभे होते. त्यांचा फोन वाजत होता आणि ते तो उचलत नव्हते.

"डिंक्या आहे, साहेब."

"नक्की?"

"सगळ्या प्लेटांत आहे."

साहेब स्टुलावर बसले. माणूस वाईट नव्हता. उद्या मांडवात बाहेरून पाहुणे येणार होते, हार आले होते, आणि साहेबांचा फोन वाजायचा थांबत नव्हता. "बाई, ‘सौम्य’ असं काही लिहिता येईल का?"

"डिंक्या सौम्य नसतो."

दारातून लखीरामचा आवाज आला. तो कधी उठून आला होता कोण जाणे. "सगळ्याच का, बाई? एखादा कोपरा तं सुटला असंन?"

बाईंनी नकारार्थी मान हलवली. लखीरामने रोपाची रिबन नीट केली.

बाई प्लेटा आवरू लागल्या. तेव्हा त्यांच्या हाताला तळातली शेवटची प्लेट लागली. ती कोरी प्लेट. हिच्यात माती घालायचीच नसते, नुसती बुरशी वाढवायची खळ असते. बाकी सगळं नीट झालं की नाही, हे सांगायला ती शेवटपर्यंत रिकामी राहायला हवी. खरं तर ती सगळ्यात आधी पाहायची असते.

तिच्यात कापूस उगवला होता.

बाईंनी तो सूक्ष्मदर्शकाखाली धरला. लिंबं.

त्या बाहेर पडल्या आणि भर उन्हात, डोक्यावर पदरही न घेता, पानठेल्यावर गेल्या.

"उत्तमभाऊ, माह्या प्लेटाले हात लावला होता का?"

"हात कायले लावू? तुमी नाई म्हनलं होतं नं." उत्तमसिंग दुखावला. "नुसतं पाणी मारलं. पानाले मारतो तसंच. ऊन केवढं होतं! म्हनलं बारकं तहानंन."

"झाकणावर मारलं ना?"

"झाकणावर मारून काय फायदा, बाई? झाकणं काढूनच मारलं. अन् परत लावून ठेवले सगळे. मी काय येडा हाय?"

बाईंनी टोपलीतलं एक पान उचलून उजेडात धरलं. कडेला तपकिरी, पाणचट डाग होता. संत्र्याचा डिंक्या आणि पानवेलीची मर यांची बुरशी सख्खी निघू शकते, हे त्यांनी स्वतः प्रशिक्षणाला येणाऱ्या पोरांना कितीदा तरी शिकवलं होतं. शिकवून झाल्यावर त्या इथेच येऊन पान खायच्या.

"काहून? मेलं का ते?" उत्तमसिंगने काळजीने विचारलं.

"नाही. लय जगलं."

परत येऊन त्यांनी साहेबांना आणि लखीरामला समोर बसवून सगळं सांगितलं. टोपली, गोणपाट, पाणी, सगळं. सांगताना त्यांचा आवाज पाठ केलेला धडा म्हटल्यासारखा सपाट होता. साहेब ऐकता ऐकता तोंडातलं पान चावायचे थांबले.

"म्हणजे चाचणी रद्द," साहेब म्हणाले.

"रद्द."

"म्हणजे रोग सापडला नाही." साहेब उभे राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर वीज आली. "म्हणजे निर्दोष!"

"निर्दोष नाही, साहेब. माहीत नाही. नवी माती लावू द्या. आठवडा लागेल."

"कार्यक्रम उद्या आहे, बाई!"

"माणसाला तपासलंच नाही, तर तो ठणठणीत आहे असं लिहून देतात का?"

"मला नोकरीला लागताना तसंच दिलं होतं," साहेब अगदी प्रामाणिकपणे म्हणाले.

लखीरामचं मात्र आता कोणाकडे लक्ष नव्हतं. तो हसत होता. "म्हंजे रोग पानाचा हाय! माह्या लेकराइचा नाई! मी म्हनतच होतो, बाई. या पानाले पाहा. नाई तं मुळीलेच पाहा नं, दावतो तुमाले, कशी पांढरीशुभ्र—"

त्याने काळी पिशवी फाडली आणि मातीचा गोळा बोटांनी फोडला. बाई "काका, राहू द्या" म्हणाल्या, पण तोवर त्याने टेबलावरच्या जगमधलं पाणी ओतून मुळ्या धुवायला घेतल्या होत्या. एक मुळी अंगठ्याने पुसली.

निरोगी मुळी पुसली की स्वच्छ होते. ही पुसता पुसता सोलली. वरची साल मोज्यासारखी त्याच्या बोटांत निघून आली आणि आत दोऱ्याएवढी तार उरली.

त्याने दुसरी मुळी धरली. मग तिसरी. मग तो भराभर न धरता सावकाश एकेक धरू लागला, जसं पोराचं डोकं चाचपावं. टेबलावर ओल्या सालींचा लहानसा ढीग झाला.

"याडी," तो हळूच म्हणाला. एवढ्या वयाच्या माणसाने आपल्या बोलीत आईला हाक मारली.

वरचं पान अजून चमकत होतं.

साहेबांनी घसा साफ केला. "हे बघा, मुळ्या ओढून पाहणं ही काही मान्यताप्राप्त पद्धत नाही. याची नोंद होत नाही. कागदावर अजून काहीच सिद्ध नाही."

"हाव, साहेब," लखीराम म्हणाला. "कागदावर नाई."

"मग?"

"मंग गाडी नोका पाठवू. मी देत नाई."

"अहो, पाहुणे येताहेत!"

"येऊ द्या नं जी. पान खाऊ घाला." त्याने हात पागोट्याच्या टोकाला पुसले. "उत्तमसिंगचं सोडून."

साहेबांना हसू आलं, आणि ते आल्याबद्दल त्यांना स्वतःचाच राग आला. ते फोन घेऊन व्हरांड्यात गेले. बराच वेळ तिथून "नाही सर" ऐकू येत राहिलं.

बाईंनी अहवाल लिहिला: चाचणी रद्द, कारण नमुने पानठेल्यावर ठेवले होते. साहेब परत येऊन खांद्यावरून वाचू लागले.

"‘पर्यायी थंड ठिकाणी’ असं लिहा ना. पानठेला कशाला? तुम्हालाच मेमो येईल."

"येऊ द्या." त्यांनी खाली रोपाच्या मुळ्यांचं जे दिसलं ते लिहिलं, नोंद होत नसली तरी. मग सही केली. कोरी प्लेट त्यांनी उकळायला न टाकता खिडकीत, सगळ्यांना दिसेल अशी ठेवली.

दुपारी त्या घरी जायला निघाल्या तेव्हा रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. डांबर चपलेला चिकटत होतं. थांब्यावर लखीराम एकटाच कळंबच्या गाडीची वाट पाहत उभा होता. थांब्याचं छप्पर मागच्या वादळात उडालं होतं. फाटलेली काळी पिशवी त्याने सुतळीने परत बांधली होती, मुळ्यांवर माती दाबून बसवली होती. रिबन सोडून खिशात ठेवली होती, तिचं लाल टोक बाहेर आलं होतं. पागोटं त्याच्या डोक्यावर नव्हतं. ते दोन्ही हातांनी ताणून त्याने रोपावर धरलं होतं. स्वतःचं टक्कल उन्हात होतं.

बाई जवळ जाऊन उभ्या राहिल्या.

"आता कायले सावली धरून राह्यले, काका? घरी नेऊन जाळायचंच हाय नं."

लखीरामने रस्त्याच्या टोकाकडे पाहिलं. गाडी दिसत नव्हती.

"जाळाले टाइम हाय, बाई," तो म्हणाला. "ऊन आत्ता हाय."

साधनाबाईंनी पिशवीतून छत्री काढली, उघडली आणि त्याच्या डोक्यावर धरली.