पास झालेला बाप

"आंधळा झालास का? दिसत नाही तर कात्री कशाला धरतोस?"

तडतड्या हे द्राक्षबागेतल्या तारेच्या अलीकडून ओरडला, आणि तारेच्या पलीकडे त्याचा सख्खा बाप उभा होता. बोलायचं ते बोललाच, वर अरेतुरेवर आला. सतरा वर्षांत बाबांना 'अहो' सोडून हाक मारली नव्हती पोरानं. पण जिभेला हाड नसतं, आणि याच्या जिभेला तर लगामही नव्हता. उगाच नाही सगळे त्याला तडतड्या म्हणत.

बाबांच्या हातात आत्ताच कापलेली काडी होती. बोटाएवढी जाड, निरोगी. पुढच्या हंगामाचे घड ज्या काडीवर लागायचे तीच त्यांनी मुळातून उडवली होती, आणि शेजारची वाळकी शाबूत ठेवली होती.

"हळू का बोलतोस?" बाबा म्हणाले. "अजून मोठ्यानं बोल. त्या टोकापर्यंत जाऊ दे."

"सकाळपासून तिसरं झाड आहे हे! दोन मी गुपचूप सावरून घेतली. किती सावरू?"

"मग शिकवलंस कशाला मला? वर, उजवीकडे, खाली, खाली... झालो ना पास? मिरव आता तुझा पास झालेला बाप!"

छाटणीच्या दिवसांत बागेत कात्र्यांची कटकट सकाळपासून चालू असते. ती थांबली की कान वाजतात. आता ती एकदम थांबली. पलीकडच्या ओळीतून लंबूकाकांनी मान वर काढली आणि सकाळीच मिळालेला नवा कोरा चष्मा नाकावर नीट बसवला. भांडण स्वच्छ दिसावं म्हणून. चष्म्याचा हाही एक उपयोग.

तडतड्याला तेव्हा कळलं की आपण काय केलंय. पंधरा दिवस जे दोघांनी मिळून झाकून ठेवलं होतं, ते त्यानं एका ओरडण्यात सगळ्या बागेला वाटून टाकलं.

झालं होतं ते असं.

पंधरा दिवसांपूर्वी मुकादम काम सुटताना म्हणाला, "उद्या दवाखान्याची गाडी येणार आहे. सगळ्यांचे डोळे तपासणार. कोणाला किती दिसतं ते कळेल एकदाचं." यातलं ते 'एकदाचं' सगळ्यांना टोचलं. कारण मागच्या हंगामात हीच गाडी ब्लडप्रेशर तपासायला आली होती. कोपऱ्यातल्या खोलीतल्या मावशींचं प्रेशर जास्त निघालं, आणि दुसऱ्या दिवशी मुकादमानं त्यांच्या हातातली कात्री काढून त्यांना क्रेट धुवायला बसवलं. हलकं काम म्हणे. मावशी महिनाभर कोणाशी बोलल्या नाहीत.

आणि बाबा म्हणजे साधे छाटणीवाले नव्हते. नवीन माणूस आला की मुकादम त्याला बाबांच्या मागे उभा करायचा. बाबांना बागेतलं झाड न् झाड माहीत. कुठलं खोड थंडीत तडकलं होतं, कुठल्यानं मागच्या वर्षी दगा दिला, सगळं तोंडपाठ. त्या माणसानं क्रेट धुवायचे? त्या संध्याकाळी घरात कोणी धड जेवलं नाही. आई एवढंच म्हणाली, "जे असेल ते सांगून टाका." बाबांनी पाण्याचा तांब्या उचलला तो रिकामाच तोंडाला लावला, आणि खाली ठेवला.

तडतड्याचं डोकं चालायला लागलं. शाळा त्यानं सोडली की शाळेनं त्याला सोडलं, यावर घरात दोन मतं होती. पण डोकं तेज आणि नजर त्याहून तेज, यावर मात्र एकमत. दुसऱ्या दिवशी तो धक्काबुक्की करून रांगेत पाचवा लागला. पॅकिंग शेडच्या भिंतीवर तक्ता टांगला होता. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठीचा. तीन दातांची एकच खूण, कधी वर तोंड करून, कधी खाली, कधी डावीकडे, कधी उजवीकडे. वरच्या ओळीत मोठी, खाली खाली बारीक. डोळे तपासणाऱ्या ताई काठी ठेवणार आणि आपण दात कुठल्या बाजूला ते सांगायचं.

तडतड्यानं सांगता सांगता पाच ओळी डोक्यात उतरवल्या, बाहेर आला आणि बाबांना क्रेटच्या ढिगामागे ओढलं.

"हे दंताळं आहे समजा," तो म्हणाला. "दंताळ्याचे दात कुठं, एवढंच सांगायचंय. म्हणा. वर, उजवीकडे, खाली, खाली, डावीकडे..."

"हे बरोबर नाही," बाबा म्हणाले.

"क्रेट धुवायचेत का?"

बाबांनी पाठ केलं. कपभर चहा गार व्हायच्या आत केलं. पाचशे झाडं डोक्यात ठेवणाऱ्याला पाच ओळी काय जड! आत गेल्यावर तर ताईंनी काठी टेकवायच्या आधीच उत्तर दिलं. ताई हसून म्हणाल्या, "काका, जरा दमानं. गाडी चुकणार आहे का?" आणि कागदावर लिहिलं, नजर ठीक. बाहेर येताना बाबा कुस्ती मारल्यासारखे चालत होते. तडतड्याची छाती तर बापापेक्षा चार बोटं पुढे.

अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, ते काय उगाच?

आज सकाळी गाडी परत आली आणि आतून खोकं उतरलं. खोक्यात एकवीस चष्मे. ज्याला दिसत नव्हतं त्याला त्याच्या नंबराचा, फुकट. कोणाची कात्री काढली नाही, कोणाला क्रेटवर पाठवलं नाही. उलट पहिला चष्मा खुद्द मुकादमाचा निघाला, आणि तो घालून मुकादम म्हणाला, "च्यायला, बागेला एवढी पानं होती?" लंबूकाकांनी त्यांचा चढवला, बायकोकडे बघितलं आणि छातीवर हात ठेवला. "अगं, तू एवढी देखणी आहेस हे मला कोणी सांगितलंच नाही!" काकू म्हणाल्या, "आणि तुम्ही कसे आहात ते मला पहिल्यापासून स्वच्छ दिसतंय."

सगळे हसले. बाबाही हसले, पण सगळ्यांचं हसून झाल्यावर.

नावं संपली. चष्मे वाटणाऱ्या सिस्टरनं विचारलं, "तुमचा, काका?"

"मला दिसतं," बाबा म्हणाले.

तडतड्या तेव्हा बुटांच्या नाड्या बांधत होता. त्या आधीच बांधलेल्या होत्या.

तसं बघितलं तर बाबांचं इतके दिवस निभलं ते अंगठ्यावर. काडीवरून अंगठा फिरवायचा, फुगीर कोंब मोजायचे, दोन सोडून कापायचं. बघायची गरजच नाही. पण आज सकाळपासून गारठा असा पडला की दुपार टळली तरी बोटं लाकडासारखीच होती, आणि अंगठ्याला काही कळेना. म्हणून तीन झाडं. म्हणून हे भांडण.

आता मुकादम ओळीतून चालत आला. "काय चाललंय?"

बाबांनी हातातली काडी खाली सोडली. मुकादमानं खाली पडलेली काडी बघितली. नवा चष्मा, त्याला आज सगळंच दिसत होतं. "ही कोणी कापली?"

तडतड्यानं तोंड उघडायला हवं होतं. मी, असं म्हणायला हवं होतं. एरवी नको तिथं चुरुचुरु चालणारं तोंड नेमकं तेव्हा शिवल्यासारखं झालं.

"मी," बाबा म्हणाले.

"तुम्ही? अहो, तुम्ही तर पास आहात!"

मुकादमानं टोमणा म्हणून नव्हतं म्हटलं. त्याला खरंच नवल वाटलं होतं. पण पलीकडे कोणीतरी फिसकन हसलं, आणि धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं तडतड्याला झालं. मुकादम जरा वेळ काडीकडे आणि जरा वेळ बाबांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "गाडी चारला निघते. पुन्हा यायची ती थेट तोडणीच्या आधी. छाटणी तोवर थांबत नसते, एवढंच सांगतो." आणि गेला.

बाबांनी पुढचं झाड धरलं.

तडतड्या पळाला. शेडपर्यंत एका दमात. ताई चष्मे पडताळायला लावलेला तक्ता भिंतीवरून काढत होत्या.

"ताई, एक चूक झालीय."

"कोणाची?"

"माझी. म्हणजे, बाबांची नजर... त्यांना मी तक्ता पाठ करून दिला होता."

ताईंनी तक्ता तसाच हातात धरला. "का पण?"

"वाटलं, नापास झाले तर कात्री जाईल."

ओरडतील, हाकलून देतील, असं त्याला वाटलं होतं. खरं तर ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, त्यालाही उलटून बोलता आलं असतं. त्या फक्त म्हणाल्या, "काठी टेकवायच्या आधी उत्तर यायला लागलं तेव्हाच मला कळायला हवं होतं. पण एक दिवस आणि साठ माणसं. मीही उरकलंच." मग घड्याळ बघितलं. "अर्धा तास आहे. घेऊन ये त्यांना. माणसाशिवाय नंबर काढता येत नाही मला."

ओळीत परत आला तर तिथं आई पोचलेली. ती चार ओळी पलीकडे काड्या तारेला बांधायचं काम करायची, कमरेला सुतळीची गुंडी तशीच लटकत होती. बातमी पोचायला चार ओळी म्हणजे काहीच नाही.

"मी नाही जायचा," बाबा म्हणत होते. "सगळ्यांसमोर खोटारडा ठरायला?"

"खोटारडे तर ठरलाच आहात," आई म्हणाली. "आता निदान बघणारे तरी व्हा. आणि तू रे दीडशहाण्या, तोंड काय बघतोस? माग माफी."

माफी मागायची तडतड्याची तयारी होती. पण त्या घरात कोणी कोणाची कधी मागितलीच नव्हती, त्यामुळे सुरुवात कशी करतात ते माहीत नव्हतं.

"बाबा, चला ना," तो म्हणाला. "चला तुम्ही."

बाबांनी कात्री मिटली आणि निघाले. ओळीच्या कडेनं, डाव्या हातात तार धरून. हात तारेवरून सरकत होता, खांब आला की उचलायचा, पुढं पुन्हा टेकायचा. इतक्या सवयीनं, की हे आजचं नाही हे कोणालाही कळलं असतं. तडतड्या मागून बघत चालला. चार ओळी पलीकडचं पाखरू ओळखणारा पोरगा, रोज याच माणसासमोर उभा राहून काम करणारा. त्याला हे आज दिसत होतं.

ओळ संपली, तार संपली. शेडपर्यंतच्या मोकळ्या जागेत बाबा क्षणभर थांबले. तडतड्यानं हात पुढं केला. बाबांना तो दिसला नाही, की दिसूनही नको होता, कोण जाणे. ते तसेच चालत गेले.

शेडमध्ये ताईंनी तक्ता परत टांगला होता, पण उलटा. खालचं वर, वरचं खाली. लंबूकाका आणि आणखी चारपाच जण पाणी प्यायच्या निमित्तानं दारात आले होते. मुकादमही होता. ताईंनी बाबांना खुणेच्या रेषेवर उभं केलं, एक डोळा झाकायला सांगितला आणि काठी उचलली.

"वर," बाबा म्हणाले. काठी अजून हवेतच होती. "उजवीकडे. खाली. खाली. डावीकडे..."

दारात कोणीतरी खाकरलं. बाबा थांबले. काहीतरी चुकतंय हे त्यांना कळलं, काय ते कळलं नाही. त्यांनी मान वळवली, पोराकडे. म्हणजे त्यांना वाटलं ते पोराकडे बघतायत. बघत होते ते शेजारच्या क्रेटच्या थप्पीकडे. थप्पीकडे बघून डोळ्यांनी विचारत होते, पुढं काय?

आणि तडतड्याची हनुवटी आपोआप खाली गेली. खाली, असं सांगायला.

"अरे!" ताईंनी काठी त्याच्याकडे रोखली. "अजून शिकवतोयस?"

"नाही. आपोआप झालं."

ताई जवळ आल्या. आवाज खाली आणून म्हणाल्या, "तू समोर आहेस तोवर ते पासच व्हायला बघणार. आपल्या पोरासमोर 'मला दिसत नाही' म्हणायचं सोपं नसतं रे. आणि तेवढंच तर त्यांना म्हणायचंय."

तडतड्यानं दाराकडे बघितलं. लंबूकाकांनी चष्मा काढून खिशात घातला आणि बाकीच्यांना हातानं बाहेर ढकलायला लागले. "चला, चला, काय तमाशा आहे का?" मुकादमही मुकाट सरकला. आत उरले तिघं. बाबा अजून त्या थप्पीकडेच तोंड करून उभे, एक डोळा तळव्यानं झाकलेला.

"बाबा," तो म्हणाला. आवाजाच्या दिशेनं बाबांची मान बरोबर त्याच्याकडे आली. "मघाशी मी जे बोललो ते..."

"काय बोललास?" बाबा म्हणाले. "मला काही ऐकू आलं नाही."

बापाचं हे आणखी एक खोटं, आणि हेसुद्धा त्याच्याचसाठी.

"बरं," तडतड्या म्हणाला. "ओळ अर्धी राहिलीय. मला आता निघायला हवं."